चादर पिवळी का पडते : रेल्वेच्या लाँड्रीतलं काम

कॅलेंडर म्हणजे वाफेने तापलेल्या रोलखालून चादरीला इस्त्री करणारं यंत्र. त्यातून बाहेर पडणारी चादर पिवळसर दिसली की नवा माणूस आधी रोलचं तापमान उतरवायला धावतो. चादर करपतेय असं त्याला वाटतं. तापमान उतरवलं की पिवळेपणा जरा कमी होतो खरा, पण मग चादर ओलसर राहते, वेग कमी करावा लागतो आणि संध्याकाळच्या गाडीचा माल अडकतो. खरं कारण बहुतेक वेळा तासाभरापूर्वी वॉशरमध्ये घडून गेलेलं असतं. खळबळणं अपुरं झालं, चादरीत साबणाचा खार (अल्कली) राहिला, आणि तो १७५ अंशांच्या लोखंडाखाली आला. रेल्वेच्या बेडरोलच्या लाँड्रीत बरीच वर्षं काम केल्यावर आमची एक खूणगाठ पक्की झाली होती. बिघाड जिथे दिसतो तिथे तो क्वचितच झालेला असतो, त्यामुळे दोन टप्पे मागे जाऊन पाहायचं.

आधी मालाचा अंदाज द्यायला हवा, त्याशिवाय घाई कसली हे कळत नाही. एसी डब्यातल्या प्रवाशाच्या संचात दोन चादरी, उशीचा एक अभ्रा आणि एक छोटा टॉवेल असतो. उशी आणि ब्लँकेट वेगळं. पहिल्या चार वस्तू एकदा वापरल्या की धुवायच्याच, मग प्रवासी चार तास झोपलेला असो की दोन रात्री. एका संचाचं वजन साधारण किलोभर. एलएचबी या नव्या धाटणीच्या थर्ड एसी डब्यात ७२ बर्थ. असे सहा डबे, सेकंड एसीचे दोन आणि फर्स्टचा एक धरला की ५५०-५६० बर्थ होतात. पण बर्थ म्हणजे संच नव्हे. अर्ध्या वाटेत एक प्रवासी उतरतो, दुसरा चढतो, त्याला नवा संच द्यावा लागतो. म्हणून दहा-पंधरा टक्के जास्त भरायचे. परतीचा मालही इथूनच जाणार असेल तर एका गाडीमागे सव्वा टनाच्या आसपास कापड आणि अडीच हजारांवर चादरी. गरीब रथात बेडरोल तिकिटात धरलेला नसायचा, वेगळे पैसे भरणाऱ्यालाच मिळायचा. त्यामुळे त्या गाडीचा आकडा शेवटपर्यंत हलता.

सव्वा टन म्हणजे १०० किलोच्या वॉशरचे, एका वेळी ८०-८५ किलोच भरायचं धरून, पंधरा घाणे. तीन वॉशर असले तर पाच-सहा तासांत निघतात. अडतं ते कॅलेंडरवर. तीन मीटर रुंदीच्या रोलवर दोन चादरी शेजारी शेजारी जातात, कागदावर तासाला सहाशे निघायला हव्यात, प्रत्यक्षात चारशे-साडेचारशे निघतात. म्हणून गाडीच्या वेळेचं गणित नेहमी कॅलेंडरवरून उलटं मांडायचं, आणि वॉशर त्याच्या मागे धावायला लावायचे. हे उमगलेलं नसतं तिथे वॉशर वाढवत राहतात आणि धुतलेल्या ओल्या चादरींचे ढीग लावून ठेवतात. ओली चादर ढिगात दोन-तीन तास पडली की तिच्या चुण्या बसतात, त्या रोलखालीही पुऱ्या जात नाहीत.

माल यार्डातून बोचक्यांत येतो. अटेंडंट वापरलेली एक चादर अंथरतो, बाकीचं त्यात टाकतो आणि चार टोकांची गाठ मारतो. बोचकं सोडण्याच्या टेबलावर जाड हातमोजे सक्तीचे, कारण आत काय असेल सांगता येत नाही. चमचे, चार्जर, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, लहान मुलांचे डायपर, कधी ब्लेड. यातली सगळ्यात महागात पडणारी वस्तू म्हणजे साधं बॉलपेन. ते चादरीच्या घडीत लपून वॉशरमध्ये गेलं तर ऐंशी किलोच्या घाण्यावर निळे ठिपके उमटतात आणि अख्खा घाणा पुन्हा धुवावा लागतो. टाचणी किंवा केसांची पिन वॉशरमधून सुखरूप सुटते आणि कॅलेंडरच्या पॅडिंगला चीर पाडते. मग आठवडाभर प्रत्येक चादरीवर त्याच जागी रेघ दिसते. रेघ कॅलेंडरवर, चूक सॉर्टिंगला.

सॉर्टिंगमध्ये आमच्याकडे पाच ढीग असायचे : साध्या मळलेल्या चादरी, डागाच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि फाटका माल. अभ्रे वेगळे काढायचं कारण खोबरेल. डोक्याचं तेल आणि केसांचा रंग कापडात मुरतो, त्याला चादरीचा प्रोग्रॅम पुरत नाही, तापमान आणि तेल सोडवणारं रसायन दोन्ही जास्त लागतं. कमी तापमानाला धुतलेले अभ्रे आधी स्वच्छ दिसतात, पण इस्त्रीनंतर मधोमध करडा गोल उठतो आणि पाकिटात पडून राहिले की खवट वास येतो. टॉवेलचं गणित आणखी वेगळं. ते तंतू सोडतात, चादरींबरोबर टाकले तर सगळ्या चादरींवर रोवा बसतो. शिवाय निम्मे टॉवेल चेहऱ्याला लागलेलेच नसतात. त्यांनी बूट पुसलेले असतात, नाहीतर खिडकीची काच.

डागांत दोन प्रकारांनी आम्हाला फार छळलं. पहिला हळदीचा. हळदीचा डाग खाराच्या पाण्यात पडला की लालभडक होतो, आणि नवा ऑपरेटर रक्त समजून गोंधळतो. त्याला घाबरायचं कारण नाही, पुढच्या ब्लीचमध्ये तो जातो, राहिलाच तर उन्हात जातो. दुसरा पानाचा. काताचा रंग खारात आणखी गडद होऊन बसतो, म्हणून तो आधी वेगळा काढून आम्लाच्या पाण्यात भिजवावा लागतो. गंजाचे डाग डब्याच्या दाराशी टेकलेल्या गाठोड्यांवर येतात. त्यांना क्लोरीन लावलं तर ते अधिकच पक्के होतात. ऑक्झॅलिक आम्ल हाच उपाय, आणि नंतर भरपूर पाणी.

पावसाळ्यात सॉर्टिंगचा क्रम उलटा करायचा, ओली बोचकी आधी सोडायची. ओला टॉवेल कोंदटलेल्या गाठोड्यात दीड-दोन दिवस राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते तंतूच्या आत शिरलेले असतात, ब्लीच वाढवून कापड विरतं पण ठिपका राहतो.

मोजणीही इथेच. दहा-दहाच्या चळती लावून चलानाशी ताळा करायचा. टॉवेल हमखास कमी भरतात. ही तूट काही एकट्या आमच्या नशिबी नव्हती. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून २०१७-१८ या एका वर्षात सुमारे १.९५ लाख टॉवेल आणि ८१ हजारांवर चादरी गेल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं होतं. तूट सॉर्टिंगच्या टेबलावरच लिहून घ्यायची. एकदा माल वॉशरमध्ये गेला की ती गाडीची की लाँड्रीची हा वाद मिटत नाही.

वॉशर भिंतीत बसवलेले असतात. मळक्या बाजूने भरायचे, स्वच्छ बाजूने काढायचे, दोन्ही दारं एकदम उघडत नाहीत. माणसांनीही तीच भिंत पाळायची. मळक्या बाजूचा माणूस 'जरा हात द्यायला' पलीकडे गेला की भिंतीवरचा खर्च वाया.

१०० किलोच्या ड्रममध्ये ८०-८५ किलोच घालायचं. घाई असली की शंभर, एकशे दहा कोंबण्याचा मोह होतो. कापडाला आपटायला जागाच उरत नाही, मधल्या चादरींपर्यंत रसायन पोचत नाही, आणि काढताना त्यांच्यावर मूळ घडीची रेघ जशीच्या तशी दिसते. तीच ओळखीची खूण. फार कमी भरणंही वाईट. कापड नुसतं पाण्यात लोळतं, आणि फिरकीला तोल न मिळाल्याने यंत्र कंप पावून बंद पडतं.

चादरींचा आमचा प्रोग्रॅम असा होता. आधी गार पाण्याचा फ्लश, दोन वेळा, तीन-तीन मिनिटं. पाणी ४० अंशांच्या आतच, कारण दूध, डाळ, रक्त हे गरम पाण्यात शिजून चिकटतात. मग मुख्य धुलाई, ६५ ते ७० अंश, बारा ते पंधरा मिनिटं, पाणी किलोमागे चार-पाच लिटर एवढंच. इथे पाणी कमी हवं, म्हणजे रसायन दाट राहतं आणि घर्षण वाढतं. पीएच ११ च्या आसपास. मिनिटं मोजायला सुरुवात पाणी तापल्यावर करायची, भरल्यावर नव्हे. ६५ अंशांवर दहा मिनिटं किंवा ७१ अंशांवर तीन मिनिटं ही जंतू मारण्याची सर्वमान्य मोजपट्टी आहे, आणि ती तापलेल्या पाण्याची आहे. सकाळी कॅलेंडर सुरू झालं की वाफेचा दाब बसतो, वॉशर तापायला वीस मिनिटं घेतात आणि ऑपरेटर कंटाळून हाताने पुढचा टप्पा लावतो. डाग न निघाल्याची तक्रार आली की आम्ही साबणाआधी वाफेच्या दाबाची नोंद पाहायचो.

ब्लीचचं पाणी वेगळं घ्यायचं. हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच, ६० अंशांच्या वर कधीच नाही, आठ-दहा मिनिटं पुरे. त्याहून गरम झालं किंवा पीएच १० च्या खाली घसरला तर डागाबरोबर सूतही खाल्लं जातं. फटका लगेच दिसत नाही. दोन महिन्यांनी चादरी घडी घालताना टरकायला लागतात आणि दोष कापडाच्या खरेदीवर जातो. उलट बाजूही आहे. हायपोचे कॅन उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवले की त्याची ताकद उतरत जाते. ऑपरेटर ठरलेलं माप टाकतो पण ब्लीच अर्धंच झालेलं असतं. म्हणून कॅन सावलीत ठेवायचे आणि ताकद टायट्रेशनने, म्हणजे थेंब थेंब रसायन टाकून मोजण्याच्या चाचणीने, तपासायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हायपो आणि आम्ल कधीही एका पाण्यात पडू द्यायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींच्या नळ्या वेगळ्या रंगाच्या आणि कॅन खोलीच्या दोन टोकांना.

आता खळबळणं, जिथे खरी चोरी होते. पाणी सोडून दिल्यावरही सुती कापड किलोमागे दोन-सव्वादोन लिटर पाणी धरून ठेवतं. पुढच्या खळबळण्यात सात लिटर असेल तर रसायन एका फेरीत तिसऱ्या हिश्श्यावर येतं. दोन फेऱ्यांत नवव्या, तीन फेऱ्यांत सत्ताविसाव्या. तिसरी फेरी वगळली की सहा-सात मिनिटं वाचतात आणि कापडात तिप्पट खार राहतो. पहिल्या खळबळण्यानंतर मध्ये छोटी फिरकी दिली तर काम बरंच सोपं होतं. पाणी हळूहळू गार करत न्यायचं. टेरिकॉट मिश्रणाच्या चादरी गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात गेल्या की चुण्या कायमच्या बसतात.

शेवटच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन मारणारं अँटिक्लोर आणि त्यानंतर खार मारणारं आम्ल, ज्याला सगळे सावर म्हणतात. हे झालं की नाही हे तपासायला दोन पैशांचा उपाय पुरतो. फिरकीतून निघालेल्या चादरीच्या शिवणीवर, दुहेरी कापड असतं तिथे, फिनॉल्फथॅलिनचा थेंब टाकायचा. रंग आला नाही तर ठीक, गुलाबी झाला तर खार आहे. सपाट कापडावर थेंब स्वच्छ आणि शिवणीवर गुलाबी असं बरेचदा होतं, म्हणून शिवणच पाहायची. स्टार्च-आयोडाइडची पट्टी निळी झाली तर क्लोरीन राहिलंय. हे दोन थेंब प्रत्येक घाण्याला टाकले असते तर कॅलेंडरवरची निम्मी भांडणं झालीच नसती.

रसायन मापून सोडणाऱ्या डोसिंग पंपाचंही असंच. आतली रबरी नळी चेपून चेपून सपाट होते, पडद्यावर ३०० मिली दिसतं आणि प्रत्यक्षात २०० पडतं. आठवड्यातून एकदा मोजपात्रात धरून पाहायचं, दुसरा मार्ग नाही.

फिरकी पुरी झाली तर चादरीत वजनाच्या निम्मं पाणी उरतं. दोन मिनिटं वाचवायला ती कमी केली आणि ओल सत्तर टक्के राहिली, तर ८५ किलोच्या घाण्यामागे सतरा लिटर पाणी कॅलेंडरला वाफ करून उडवावं लागतं. दोन मिनिटं वाचतात, दहा जातात.

कॅलेंडरला ८ बार वाफ मिळाली की रोल १७५ अंशांच्या आसपास तापतो. चादरी टम्बलरमध्ये, म्हणजे गरम हवेच्या फिरत्या ड्रममध्ये, वाळवायच्या नाहीत, फक्त तीन-चार मिनिटं मोकळ्या करून घ्यायच्या आणि ओलसरच चढवायच्या. घालणाऱ्या दोघांनी कोपरे ताणून एकाच वेळी सोडायचे. एकाने अर्धा सेकंद आधी सोडलं की चादर तिरकी जाते आणि घडी जुळत नाही. पाळी सुरू होताना मेणाचं कापड फिरवायचं, नाहीतर चादर रोलला चिकटते. बाहेर आलेली चादर एकाच पट्ट्यात दमट असेल तर दोन शक्यता : पॅडिंग तिथे झिजलंय, किंवा वाफेचं झालेलं पाणी बाहेर काढणारा स्टीम ट्रॅप अडकून रोलमध्ये पाणी साचलंय. रोलवर तीन ठिकाणी तापमान घ्यायचं, दोन मिनिटांत निकाल लागतो. बोटं अडवणारी सुरक्षा-पट्टी रोज हाताने दाबून पाहायची, यंत्र थांबलं पाहिजे. त्या जागेवर बांगड्या, ओढणी, सैल बाही चालत नाही. वीज गेली तर आधी हाताने हँडल फिरवून आतल्या चादरी बाहेर काढायच्या, मग बाकीचं. थांबलेला रोल पाच मिनिटांत पॅडिंग करपवतो.

टॉवेल टम्बलरमध्ये पंचवीस-तीस मिनिटं, शेवटची पाच गार हवेची. ती पाच मिनिटं वगळून गरम टॉवेल ट्रॉलीत दाबून भरले तर तेल राहिलेला ढीग स्वतःहून धुमसू शकतो. जाळीवरचा रोवा दर दोन तासांनी काढायचा. टम्बलर उशीर लावायला लागला की लोक बर्नरकडे किंवा वाफेकडे बघतात, आधी जाळी बघावी.

ब्लँकेट हा वेगळाच कारभार. लोकरमिश्रित असेल तर पाणी ३५-४० अंश, साबण सौम्य, ड्रम निम्मा, फिरकी हलकी. चादरीच्या प्रोग्रॅमवर एकदा जरी गेलं तर ते आटून घोंगडीसारखं घट्ट होतं. ते प्रत्येक प्रवासानंतर धुतलं जात नाही हे प्रवाशांना ठाऊक असतं. महिन्यातून एकदा तरी धुवायचं हा नियम पुढे आला, आणि तो पाळण्यासाठी प्रत्येक ब्लँकेटवर धुतल्याच्या तारखेची खूण लागते. आधी शिक्के मारले, ते दोन धुलाईत पुसट झाले. मग शिवलेल्या पट्ट्या टिकल्या.

पाण्याबद्दल थोडं. कठीणपणा ५० पीपीएमच्या वर गेला की साबण पाण्यातच खर्ची पडतो आणि त्याचा चुना कापडावर बसतो. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचं मीठ वेळेवर टाकलं की नाही हे चाचणीचा थेंब सांगतो, निळा म्हणजे मऊ पाणी, लालसर म्हणजे मीठ हवं. मीठ चुकलं तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. सगळ्याच चादरी एकत्र, रोज थोड्या थोड्या करड्या होत जातात, त्यामुळे रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला फरक कळत नाही. यावर उपाय म्हणून कोरी चादर काळ्या पिशवीत कपाटात ठेवायची आणि आठवड्याला शेजारी धरून बघायची. पुढे पांढरेपणा मोजणारे व्हाइटोमीटर आले, तरी ती चादर आम्ही काढली नाही. मीटरचा आकडा साबणातल्या चकाकीच्या रसायनाने फुगतो.

मार्च २०२० मध्ये बेडरोल बंद झाले आणि मार्च २०२२ मध्ये पुन्हा द्यायचा आदेश निघाला. दोन वर्षं बंद पडलेली लाँड्री पुन्हा चालू करणं हे नवी उभारण्यापेक्षा किचकट. सॉफ्टनरचं रेझिन सुकून निकामी, कॅलेंडरचं पॅडिंग एका बाजूला दबून कडक, दारांची रबरं चिकटलेली, डोसिंगच्या नळ्यांत रसायनाचे खडे. बॉयलर कोरडा करून ठेवला होता तो वाचला, पाण्यासकट सोडले तिथे आतून गंज. कपाटातल्या धुतलेल्या चादरींच्या काही चळती पांढऱ्या निघाल्या तर काहींना घडीच्या रेघेवर तपकिरी पट्टे. ज्या घाण्यांत सावर कमी पडला असणार ते दोन वर्षांनी स्वतःहून बोलले. पट्ट्यांच्या चादरी आम्लात भिजवून, पुन्हा पुरा प्रोग्रॅम देऊन बऱ्याचशा परत मिळाल्या. उरलेल्या कंडेम करून पुसणी केली.

राहिलं पॅकिंग. कॅलेंडरवरून आलेली चादर गरम असते आणि गरम कापड ओल लपवतं. थेट कागदी पाकिटात भरली तर आत वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी प्रवासी पाकीट उघडतो तेव्हा कुबट वास येतो. घड्या जाळीच्या रॅकवर अर्धा तास तरी मोकळ्या ठेवायच्या, मग दोन चादरी आणि अभ्रा पाकिटात. भरणाऱ्याने प्रत्येक चादर एकदा उजेडाकडे धरायची. छिद्र, डाग, केस दिसला तर बाजूला. बाजूला पडणारा माल शंभरात तीन-चारच्या वर गेला की पॅकिंगवाल्यांना कडक राहू द्यायचं आणि वॉशरची नोंदवही उघडायची.

गाडीवर माल चढवताना परतीची पाकिटं आधी, कपाटाच्या तळाशी, आणि जाण्याची वर. हे उलटं झालं तर अटेंडंट घाईत सगळं उपसतो, पाकिटं फाटतात, आणि न वापरलेल्या चादरी मळक्यांच्या बोचक्यात परत येतात. पाकिटाच्या घडीवरून त्या लगेच ओळखू येतात. तरी त्या पुन्हा धुवायच्याच, आणि चलानावर वापरलेल्या म्हणून न धरता वेगळ्या रकान्यात लिहायच्या, नाहीतर पुढच्या फेरीचा आकडा फुगतो.